गुंडाप्पांच्या कोपऱ्यातले प्रवासी

मारुतीचे दर्शन घेऊन परतत असता एका सुरवंटासाठी भर रस्त्यात थांबून राहण्याचा योग आपल्यापैकी किती जणांना आला असेल, हे मी सांगू शकत नाही. मला तो आलेला आहे, आणि एकदाच नव्हे. हातात तीर्थाचा तांब्या, डोक्यावर धाराशिवचे ऊन आणि ओठांवर अर्धवट राहिलेले स्तोत्र, अशा अवस्थेत मी कॉलनीच्या रस्त्याने चाललेलो असतो. एवढ्यात लोखंडी फाटकावर टिकटिक असा आवाज होतो आणि पाठोपाठ आज्ञा येते.

"थांबा गुरुजी! क्रॉसिंग हाय."

मी थांबतो. मागून येणारी मोटारसायकल थांबते. दूधवाला एक पाय जमिनीला टेकवून सायकलवर तिष्ठत राहतो. आणि एक केसाळ सुरवंट, ज्याला जगात कसलीही घाई नाही, अंगाच्या लाटा करीत रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला जातो. तो गवतात शिरला की पुन्हा दोनदा टिकटिक होते.

"चला, जाऊ द्या!"

मग आम्ही सारे सुटतो. आपण नेमके कोणासाठी थांबलो होतो आणि कोणाच्या आज्ञेने निघालो, हा प्रश्न घरी पोहोचेपर्यंत माझ्या मनात घोळत राहतो, आणि देवघरात बसलो तरी त्याचे उत्तर मिळत नाही.

ती टिकटिक तिकिटे छेदण्याच्या जुन्या पंचाची. आमचे शेजारी गुंडाप्पा एसटीत वाहक होते. यंत्राची तिकिटे आली तेव्हा तो पंच सर्वांनाच नकोसा झाला, म्हणून अप्पांनी तो स्वतःजवळ ठेवला, असे ते सांगतात. सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनी खाकी सोडली आणि धोतर धरले. पण हातातला पंच सुटला नाही आणि वाणीतली एसटीही सुटली नाही. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, नातवाला सांभाळण्यासाठी पत्नीही तिकडेच असतात. त्यामुळे घरात अप्पा एकटे, आणि घराबाहेर अप्पांची ती बाग. बाग हा शब्द मी केवळ सोयीसाठी योजतो आहे. त्या जागेला काय म्हणावे, याविषयी कॉलनीत आजही एकमत नाही.

आमच्या वसाहतीच्या नकाशात 'खुली जागा' असे लिहिलेला एक चौकोन आहे. त्याच्या एका कडेला मारुतीचे लहानसे मंदिर. उरलेल्या जागेत पूर्वी कोणीतरी मोठ्या हौसेने हिरवळ लावली, बाटलीसारख्या बुंध्याची ताडाची झाडे रोवली आणि सभोवती सिमेंटच्या ठोकळ्यांची पायवाट केली. ज्या गावाला पिण्याच्या पाण्याचे टँकर अजून आठवतात, त्या गावात ती हिरवळ फार दिवस हिरवी राहिली नाही. पहिल्याच वैशाखात ती करपली. 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी मात्र टिकली, आणि आम्ही कायदा मानणारी माणसे असल्यामुळे त्या उघड्या मातीवर कोणीही पाऊल टाकीत नसे.

अप्पांचे त्यावर भाष्य असे :

"गुरुजी, ही लॉन म्हंजी आमदारासाठी राखीव ठिवलेली सीट. बसनारा कंदी येत न्हाय, आन् दुसऱ्याला बसू बी द्यायचं न्हाय."

मंदिराच्या पाठीमागचा कोपरा मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हता. तिथे घरे बांधताना उरलेले विटांचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि फुटक्या कुंड्या पडलेल्या असत. अप्पांनी तो कोपरा कमिटीकडे मागितला. कमिटीने तो आनंदाने दिला. आता तिथे गुलाब आणि जास्वंद दिसेल, मला पूजेला फुले मिळतील, अशी माझी सात्त्विक अपेक्षा होती.

अप्पांनी सारे प्लास्टिक वेचून बाहेर काढले. मग कुठून तरी दगड आणून त्यांचा ढीग रचला. एक वाळवी लागलेला ओंडका आडवा टाकला. गल्लीतल्या कडुलिंबाचा पालापाचोळा टोपल्यांनी आणून पसरला. एका फुटक्या परातीत पाणी भरून ठेवले. पलीकडच्या घरातल्या सुलोचनाबाई गॅलरीतून हे सारे पाहत होत्या. त्यांनी अखेर विचारलेच.

"अप्पा, कचरा काढून परत कचराच टाकला की वो तुमी!"

"ताई, आधीचा मानसाचा व्हता. ह्ये त्येंचं सामान हाय."

"कुनाचं?"

"येतील की. आल्यावर कळंल."

आणि ते आले. आधी गवत आले, मग गवतात काही काटेरी, काही चिकट, काही नुसतेच उंच असे आले. दगडांत सरडे आले. परातीवर होले आणि चिमण्या येऊ लागल्या. तपकिरी रंगाचे इवलेसे पक्षी गवताची पाती चोचीत धरून, स्वतःहून लांब ओझे ओढीत, सुलोचनाबाईंच्याच पारिजातकाकडे नेऊ लागले. प्रत्येक नव्या आगमनाला अप्पांचे एकच वचन असे : "येऊ द्या, जागा हाय." मुंग्यांचे वारूळ निघाले, "जागा हाय." गांधीलमाशीने मातीचे घर बांधले, "जागा हाय." सुलोचनाबाईंनी एकदा रागाने विचारले, "अन् साप आला म्हंजी?" अप्पांनी कोपऱ्यावरून एक नजर फिरवली आणि म्हणाले, "उभ्यानं यावं लागंल. गाडी फुल झालीया."

या साऱ्यात माझी अडचण निराळी होती. मला वनस्पतींची नावे ठाऊक आहेत. लहानपणी पाठ केलेले शब्द अजून जिभेवर आहेत : अर्क, अपामार्ग, भृंगराज, बृहती. परंतु नाव उच्चारल्यावर ती वनस्पती समोर उभी राहावी, असे माझे कधी झाले नाही. माझ्यापाशी नावे आहेत, त्यांची झाडे नाहीत. अप्पांपाशी झाडे होती, म्हणून त्यांना नावे विचारावीत असे मी ठरवले, आणि तिथून माझा खरा गोंधळ सुरू झाला.

"अप्पा, हे काय?"

"ह्ये अणदूर."

"नाही, या रोपाचे नाव विचारतो आहे."

"तेच की. अणदूर. त्येच्या पलीकडं तुरं आलेलं गवत दिसतंय ते नळदुर्ग. अन् ती पांढरट पानाची, ती तेर."

"अहो, ही तर आपल्याकडच्या गावांची नावे. रोपाचे असे नाव कसे असेल?"

"मग काय आसंल?"

ते मला ठाऊक नव्हते. मी माझ्या स्मरणातली नावे एकेक करून त्या रोपांवर ठेवून पाहिली. कोणतेही कोणालाही बसत होते. आम्ही दोघे बराच वेळ त्या रोपासमोर आदराने उभे राहिलो. अखेर गॅलरीतून खाली वाकून सुलोचनाबाई ओरडल्या, "आघाडा हाय वो तो! महालक्ष्म्यांना लागतोय की!" तेव्हा अपामार्ग म्हणजे आघाडा आणि आघाडा म्हणजे अणदूर, एवढा बोध मला झाला. पण अणदूर कशासाठी, हा प्रश्न उरलाच. विचारले तर अप्पा "तिथलं हाय ते" एवढेच म्हणत आणि परातीत पाणी ओतू लागत.

या नामकरणाने एकदा मोठाच घोटाळा केला. कोणीतरी विडीचे थोटूक फेकले आणि वाळलेल्या गवताचा एक पट्टा पेटला. अप्पांनी तो धोतराच्या सोग्याने झोडपून विझवला आणि काळवंडलेल्या तोंडाने चहाच्या टपरीवर येऊन बसले. "नळदुर्ग जळालं," ते म्हणाले. "अर्धं गेलं. कोनाचं कायच वाचलं न्हाय." टपरीवर बसलेल्या एका गृहस्थांची लेक नळदुर्गला दिलेली होती. त्यांच्या हातातला कप खाली पडला. त्यांनी लेकीला, व्याह्यांना आणि तिथल्या एका ढाबेवाल्याला फोन लावले. तिकडून "इथं तर समदं खुशाल हाय" असे उत्तर आले, तेव्हा ते अप्पांवर धावून गेले. अप्पांना त्यांचा राग कळला नाही, आणि त्यांना अप्पांचे दुःख. मी मध्ये पडून दोघांना समजावू लागलो आणि थोड्याच वेळात मी काय समजावतो आहे, हे माझे मलाच कळेनासे झाले.

शनिवारची गोष्टही सांगितली पाहिजे. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालण्याचा माझा नेम आहे. ती पाने पूर्वी मी बसस्थानकाजवळ विकत घेत असे. अप्पांच्या कोपऱ्यातली 'तेर' म्हणजे रुईच आहे, हे सुलोचनाबाईंच्या कृपेने उमगले तेव्हा मला फार आनंद झाला. स्नान करून, सोवळ्याने, तबक घेऊन मी तिथे गेलो आणि पहिल्या पानाला हात घातला. टिकटिक झाली.

"गुरुजी, ती सीट भरलेली हाय."

मी पान उलटून पाहिले. काळे, पिवळे, पांढरे पट्टे अंगावर मिरवणारी एक अळी पानाची कड मन लावून खात होती.

"मग हे?"

"तिथं बी हाय. खाली बगा, अंडं ठिवलंय."

"अप्पा, देवाला माळ घालायची आहे."

"घाला की. मी कुठं नगं म्हनतोय? मोकळी सीट बगून घ्या."

मी मोकळी पाने शोधू लागलो. प्रत्येक पानाला खालून वाकून, चष्मा सावरीत नमस्कार केल्यासारखे पाहावे लागत होते. शेवटी जी पाने मिळाली त्यांची माळ मारुतीच्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यापर्यंतही पोहोचली नाही. नेम पुरा झाला की मोडला, हे मी बरेच दिवस ठरवू शकलो नाही. मूर्तीच्या मुखावर मात्र मला कोणताही बदल दिसला नाही.

अशा रीतीने आम्ही गोंधळलेल्या पण शांत अवस्थेत राहत असताना सभामंडपाचा विषय निघाला.

मंदिरासमोर प्रवचनाच्या श्रोत्यांना बसायला सावली नाही, म्हणून पत्र्याचा मंडप उभारावा, अशी कमिटीची इच्छा फार दिवसांपासून होती. एका सद्गृहस्थांनी पत्रे देऊ केले. अध्यक्ष बाबाराव उत्साही गृहस्थ आहेत. त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर कळवून टाकले की समोर हिरवळ आहे, तेव्हा सोमवारी जेसीबी येईल, मंदिराच्या मागचा कोपरा साफ होईल आणि तिथे मंडपाचे खांब उभे राहतील. अप्पांना ग्रुपवरचे वाचता येत नाही, कारण त्यांच्याजवळ तसा फोन नाही. त्यांना ते सुलोचनाबाईंनी गॅलरीतून सांगितले. त्या दिवशी अप्पांनी कोणासाठीही टिकटिक केली नाही. मी फाटकाजवळ सवयीने थांबलो, पण चला म्हणणारे कोणी नव्हते.

शुक्रवारी सायंकाळी मंदिराच्या कट्ट्यावर बैठक भरली. प्रवचन माझेच असते, तेव्हा मंडप माझ्यासाठीच व्हायचा होता, आणि सर्वांच्या नजरा माझ्याकडे होत्या. माझ्या मनात मात्र एकाच वेळी दोन्ही बाजू पटत होत्या. देवाच्या दारी भाविकाला सावली असावी, हे मला मान्य. देवाच्याच पाठीशी आश्रयाला आलेल्यांना हाकलू नये, हेही मान्य. मी डोळे मिटून बसलो. लोकांना वाटले, मी चिंतनात आहे.

"मंडप करा की," अप्पा म्हणाले. "देवाच्या कामाला कोन आडवं येतंय? पर त्यो कोपरा सोडा."

"मंदिर इथं अन् मंडप काय डेपोत बांधू का अप्पा?" बाबाराव म्हणाले. लोक हसले.

"तसं न्हवं. झाडं हायत तिथं."

"झाडं? अप्पा, झाड म्हनून एक बी दावा मला! समदी कुसळं, काटं अन् रुई. आंबा आसता, चिक्कू आसता, म्या सोता जेसीबी वापस धाडला आसता. अन् गवतच बगायचं आसंल तुमाला, तर गावाकडं लई हाय. बसा की एसटीत, अन् जा. तुमाला कोन तिकीट इचारतंय?"

पुन्हा हशा झाला. बाबारावांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना विनोद करायचा होता. अप्पाही हसले, पण थोडे उशिरा.

"गेलतो की," ते म्हणाले.

मग ते कोणाकडेही न पाहता बोलू लागले.

"रिटायर झालो अन् पयल्यांदा अणदूरला गेलो. उभा जनम त्या रोडवर गेला, पर खाली कंदी उतरलो न्हवतो. मानसं उतरायची, म्या घंटी मारायचो, गाडी निघायची. वाटायचं, समदं गाव आपल्या वळखीचं हाय. कोनाची लेक कुठं दिली, कोनाचं पोरगं कितवीला, समदं ठावं. म्हनलं, आता निवांत उतरावं, दोन घरी बसावं. धोतर नेसून गेलतो. दिवसभर फिरलो गावातनं. कुनीच वळखलं न्हाय. येक म्हातारी व्हती, बाजारची पाटी घिऊन यायची. हाताला धरून वर घ्यायचो म्या तिला. ती दारातच बसलेली. म्हनली, कोन पाव्हनं? कुनाकडं आलाव?"

"मग?" सुलोचनाबाईंनी विचारले. त्या एव्हाना खाली उतरून आल्या होत्या.

"काय सांगावं? म्हनलं, चुकून उतरलो."

कोणी हसले नाही.

"घरी आलो अन् बगतो, तर धोतराला खालनं वरपतूर कुसळं अन् आघाड्याचं बी. येकेक काढाय बसलो. पर टाकाय काय हात हुईना. म्हनलं, गावातनं येवढीच आली आपल्यासंगट. म्हनून हितं मातीत टाकली. मग नळदुर्गला गेलो, तेरला गेलो. तिथं बी तसंच. मानूस काय वळखत न्हाय, पर काय तरी धरून येतंय. तेरला तर रुईच्या बीची म्हातारी उडत आली अन् टोपीवर बसली." ते बाबारावांकडे वळले. "आता बाबाराव, जेसीबी आल्यावर ह्येंला कुठल्या गावी न्हिऊन सोडू, तेवढं सांगा."

बाबाराव स्वतःच्या फोनकडे पाहू लागले, पण फोन बंद होता. मला एवढे दिवस न सुटलेला अणदूरचा प्रश्न सुटला होता, आणि त्याचे उत्तर असे असेल, याची मला कल्पना नव्हती. मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो की मंडप मंदिराच्या मागे नको, पुढे व्हावा. हिरवळीच्या जागेवर.

"लॉनवर?" बाबाराव दचकले. "तिथं तर चालू नये अशी पाटी हाय!"

"बाबाराव, आपण तिथे बसणार आहोत."

यावर त्यांनी बराच विचार केला. नियम मोडतो की नाही, हे त्यांना ठरवता येईना. मलाही ठरवता आले नाही. शेवटी सुलोचनाबाई पुढे झाल्या, त्यांनी ती पाटी दोन्ही हातांनी उपटली आणि मंदिराच्या भिंतीला टेकवून ठेवली. सोमवारी जेसीबी आला आणि त्याने खांबांचे खड्डे पुढच्या बाजूला खणले. अप्पा दिवसभर चालकाजवळ उभे राहून "मागं घ्या, हां, घ्या, थांबा!" असे ओरडत होते, आणि चालकाला ते कोण अधिकारी आहेत, हे शेवटपर्यंत कळले नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी अप्पांना विचारले, आता पुढे कुठे उतरणार आहात?

"आता काय न्हाय. येकट्यानं गावात उतरायचं म्हंजी पायच उचलत न्हाय, गुरुजी."

"मी येतो," मी म्हणालो. जाऊन काय करायचे, हे मला मुळीच ठाऊक नव्हते.

आम्ही तेरला गेलो. गाडीत जागा असूनही अप्पा दाराजवळ उभेच राहिले, आणि वाहक तरुणीने घंटी मारण्यास विलंब लावला की ते माझ्याकडे चिंतेने पाहत. तेरला उतरलो. गाडी धूळ उडवीत गेली आणि आम्ही दोघे वृद्ध रस्त्याच्या कडेला, कोणत्या दिशेने पाऊल टाकावे हे न कळून, उभे राहिलो. समोर एका घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ दोरी वळत बसले होते.

"कोन गाव पाव्हनं?" त्यांनी हाक दिली. "कुनाकडं जायचंय?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे ओठ हलले, आणि 'चुकून' हा शब्द त्यांवर येऊ पाहतो आहे, असे मला दिसले. मी आयुष्यात पुष्कळ प्रवचने केली. पण एवढ्या घाईने कधी बोललो नाही.

"तुमच्याचकडे आलो आहोत," मी म्हणालो. "हे गुंडाप्पा. या गावच्या गाडीवर कंडक्टर होते."

त्या गृहस्थांनी डोळ्यांवर हात धरून अप्पांना वरून खाली न्याहाळले. मग मान हलवली.

"न्हाय बा आठवत. नजर गेली आता माझी." आणि आत वळून ते ओरडले, "सूनबाई, दोन कप च्या टाक गं!"

अप्पा ओट्यावर बसले. चहा आला. तो त्यांनी बशीत ओतला, फुंकला, आणि इतक्या सावकाश प्यायला की ऊन ओट्यावरून खाली उतरून गेले. परतीची गाडी लांबून दिसली तेव्हा मी उठलो, पिशवी घेतली, वहाणा घातल्या. गाडी थांबली. घंटी वाजली. गाडी गेली. अप्पांनी तिच्याकडे मान वळवूनही पाहिले नाही. दोरीचे एक टोक त्या गृहस्थांना धरून देत ते विचारत होते,

"मग, सोयाबीन कसं हाय औंदा?"